मानवेलीची काठी

घर बघायला गेलो त्या दिवशी घरमालकांनी मला दातांच्या खुर्चीत बसवलं आणि माझ्या नवऱ्याला शेजारच्या गोल स्टुलावर. तळमजल्यावर त्यांचा जुना दवाखाना होता. तो बंद होऊन काही वर्षं झाली होती, तरी खुर्ची, तिच्यावरचा दिवा, चूळ भरायचं पांढरं भांडं, सगळं जागच्या जागी होतं. फक्त औजारांच्या ट्रेमध्ये कोंबड्याची पिसं पसरली होती, रेशमी दोऱ्याची रिळं होती आणि एका चिमट्यात इवलासा गळ अडकवलेला होता. त्या गळावर एक माशी बसली होती. जवळ जाऊन पाहिलं तर ती पिसांची, अर्धवट बांधलेली.

"कचरा मंगळवारी बाहेर ठेवायचा," ते म्हणाले. "जिना एक आठवडा तुम्ही झाडायचा, एक आठवडा मी. बरं, आता महत्त्वाचं. तुमच्या देशात बांबू होतो ना?"

होतो, आम्ही म्हणालो.

"भरीव की पोकळ?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नवरा मेकॅनिकल इंजिनीअर, मी फिजिक्सची एम.एस्सी. बांबूच्या आत काय असतं हे दोघांनाही खात्रीने सांगता येईना. डॉक्टर उत्तराची वाट बघत माझ्या उजव्या कानाकडे टक लावून उभे होते. माणूस तिरसट दिसतोय, मला वाटलं. पण घर छान होतं, खिडकीतून माइन नदी दिसत होती आणि नवऱ्याचं ऑफिस र्युसेल्सहाइममध्ये, म्हणजे दहा मिनिटांवर. आम्ही हो म्हणालो.

ही दोन हजार चारची, जर्मनीतली गोष्ट. नवरा मोटारींच्या सस्पेन्शनचं काम करायचा आणि संध्याकाळी दमून यायचा. मला माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. सकाळी जर्मनच्या क्लासला जायचं, दुपारी चार कपबश्या विसळायच्या आणि खिडकीतून नदीवरचे मालवाहू पडाव बघत बसायचं. एवढ्या शांततेची सवय नव्हती. कधीकधी वाटायचं, आपण इथे राहतोय हे आपल्यालाच स्वप्नात दिसतंय आणि कुणीतरी हाक मारली की जाग येईल.

हाक मारायचे ते डॉक्टर. "फ्राऊ नाखबारीन!" म्हणजे शेजारीणबाई. त्यांनी मला नावाने कधी बोलावलं नाही आणि मीही त्यांना डॉक्टर सोडून दुसरं काही म्हटलं नाही. उंच, वाळके, सत्तरीच्या पुढचे. घरातसुद्धा दवाखान्याचा पांढरा कोट घालायचे, आणि त्या कोटाला कायम दोन-चार पिसं चिकटलेली असायची.

बोलताना मध्येच थांबायची त्यांची एक रीत होती. तुम्ही काही विचारलंत की ते तोंड उघडायचे, मान किंचित मागे न्यायचे आणि गप्प व्हायचे. मनात एक-दोन-तीन म्हणावं एवढा वेळ गेला की मग उत्तर यायचं. फोनवर लोकांना वाटायचं लाइन कटली. मला ही रीत कळली ती मागच्या हिरवळीवर. रोज चार वाजता ते तिथे गळाची काठी घेऊन उभे राहत आणि गवतावर मासे धरत. म्हणजे धरायचा सराव करत. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधलेला असे.

आपल्याकडचा साधा गळ कसा, शिशाचं वजन लावून भिरकावतात. डॉक्टरांच्या प्रकारात वजन नसतं. माशी पिसांची, फुंकर मारली तर उडणारी. ती लांब जाणार कशी? तर वजन दोरीतच असतं. ती दोरी आधी पाठीमागे हवेत सोडायची, ती मागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मग पुढे आणायची. मग ती पाण्यावर अशी उतरते की खरीच माशी दमून टेकली असं माशाला वाटावं. माशीने मासा धरायचा, हे मी नवऱ्याला मराठीत सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसत होता.

"लोकांना वाटतं हे फेकणं आहे," डॉक्टर म्हणायचे. "फेकायचं नसतं. थांबायचं असतं. दोरी मागे उलगडत असते, ती तुम्हाला दिसत नाही, तेवढा वेळ हात स्थिर. घाई केलीत की चाबकासारखा आवाज येतो आणि माशी तुटून जाते."

लाल लोकर त्यांच्या डोक्यावरून मागे जायची, सफरचंदाच्या झाडापाशी क्षणभर हवेत आडवी राहायची आणि पुढे येऊन गवतावर ठेवल्यासारखी पडायची. मी खिडकीत उभी राहून बघायची. बघता बघता चहा गार व्हायचा.

बांबूचं वेड मात्र मला बरेच दिवस कळलं नव्हतं. भारतीय माणूस दिसला की ते त्याला बांबूबद्दल विचारत. डार्मस्टाटच्या विद्यार्थ्यांना विचारून झालं होतं. फ्रँकफर्टच्या एका पंजाबी हॉटेलवाल्याने त्यांना उदबत्तीचा पुडा दिला होता. "त्यातली काडी बांबूचीच होती," डॉक्टर म्हणाले, "त्यामुळे मी तक्रार करू शकलो नाही."

त्यांच्या वडिलांकडे एक जुनी इंग्लिश काठी होती. त्या काळी असल्या काठ्यांसाठी कलकत्त्याहून बोटीने बांबू जायचा. पुढे चिनी बांबू आला, मग फायबरग्लास, मग कार्बन, आणि कलकत्त्याचा बांबू कुणाच्या आठवणीतही राहिला नाही. युद्ध संपल्यावर काही महिने अमेरिकन सैनिक त्यांच्या घरात राहिले होते. ते गेले तेव्हा काठीही गेली. "ती मला परत करायची आहे," ते म्हणाले. करायची म्हणजे बनवायची. दवाखान्यात एक लांब पोलादी साचा होता, त्यात बांबूच्या पट्ट्या तासून तिकोनी करायच्या, सहा पट्ट्या चिकटवून एक षटकोनी काठी. चिनी बांबूच्या अकरा काठ्या त्यांनी केल्या होत्या आणि अकराही लोकांना देऊन टाकल्या होत्या. "चांगल्या आहेत. पण ती नाही."

मी रविवारी फोन केला तेव्हा सासऱ्यांना विचारलं, "आप्पा, उन्हाळ्यात येताना एक बांबू आणाल का?"

"काय आणू?"

"बांबू. भरीव."

आप्पा भोरला राहायचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. लोणचं, पापड, मेतकूट आणा असं सांगणारी सून त्यांना ठाऊक होती. पण त्यांनी का म्हणून विचारलं नाही. बुरुडाकडे गेले, त्याने सांगितलं की भरीव हवा तर मानवेल घ्या, लाठ्या त्याच्याच करतात. आप्पांनी छातीपर्यंत उंचीची एक जुनी, सुकलेली, तेल पाजलेली लाठी घेतली आणि तीच टेकत फ्रँकफर्टच्या विमानतळावर उतरले.

काचेच्या दारातून ते बाहेर आले तेव्हा मी दचकलेच. चांगले तुरुतुरु चालणारे आप्पा एक पाय ओढत येत होते.

"अहो, काय झालं पायाला?"

"गप," आप्पा पुटपुटले. "आधी बाहेर चल." पार्किंगमध्ये पोचल्यावर ते सरळ झाले. "कस्टमवाला काठीकडेच बघायला लागला गं. मी काही खोटं बोललो नाही. नुसता लंगडलो."

डॉक्टरांनी ती लाठी दोन्ही हातांवर आडवी घेतली. मग कोटाच्या खिशातून दात तपासायचा छोटा आरसा काढला आणि त्याच्या दांड्याने पेरापेरावर टकटक करत, कान लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. दुखरा दात शोधतात तसं.

"भरीव," आप्पा मराठीत म्हणाले.

"बारीफ," डॉक्टर म्हणाले. हा त्यांचा पहिला मराठी शब्द, आणि पुढे चांगल्या ब्रेडपासून चांगल्या माणसापर्यंत सगळ्यांना ते हाच लावायचे.

त्या उन्हाळ्यात आप्पा दिवसदिवस तळमजल्यावर असायचे. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, आप्पांना जर्मन येत नव्हतं आणि इंग्रजीत बोलायची दोघांनाही गरज वाटली नाही. लाठी एकच होती. तिच्यातून बारा पट्ट्या निघणार होत्या आणि बाराच लागणार होत्या, कारण काठी दोन तुकड्यांची. एक पट्टी बिघडली असती तर सगळंच गेलं असतं. चिरायच्या दिवशी मी दारात उभी राहिले आणि दोघांनी मला हातानेच बाहेर जायला सांगितलं. आतून बांबू फाटल्याचा आवाज आला, मग खूप वेळ काहीच नाही, मग आप्पांचं हसणं.

पेरं वाकडी असतात. ती स्पिरिटच्या दिव्यावर गरम करून सरळ करायची. मग साच्यात घालून रंधा. आप्पा एक टोक धरायचे, डॉक्टर रंधा ओढायचे, जमिनीवर केसांसारखे पिवळे कुरळे ढलपे पडायचे. दुपारचं ऊन आत यायचं. खाली गेलं की वाटायचं, घड्याळ इथे येतच नसावं.

एकदा जेवताना आप्पा म्हणाले, "सूनबाई, ह्या माणसाला दिसत नाही."

"काहीतरीच काय आप्पा! रंधा मारतात ते."

"मी रोज समोर बसतो त्यांच्या. रंधा मारताना खिडकीबाहेर बघतात. पट्टी बोटांनी बघतात. माझ्याकडे बघून बोलायचं असलं की माझ्या खांद्याशी बोलतात. मी चाळीस वर्षं मुलांना बघून चित्रं काढायला लावली, कोण बघतंय आणि कोण नाही ते कळतं मला."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. डॉक्टरांनी मान किंचित मागे नेली. थांबले.

"मधोमध दिसत नाही," ते म्हणाले. "कडेकडेने दिसतं. आधी एका डोळ्यात डाग आला, मग दुसऱ्यात. लोकांच्या तोंडात सुई घेऊन जायचं माझं काम, ते त्याच आठवड्यात बंद केलं. तुमचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, फ्राऊ नाखबारीन. कान पाहिलेत. बरे आहेत."

मग बांबूचंही कळलं. पाण्यावरची माशी त्यांना दिसत नव्हती. कार्बनची काठी हलकी, चपळ, पण तिच्यातून हाताला काही कळत नाही, त्यांच्या भाषेत ती बोलत नाही. वडिलांची काठी जड होती आणि हळू. लहानपणी वडील त्यांना डोळे मिटून फेकायला लावायचे आणि दोरी मागे कुठवर गेलीय ते तळहातात कळायचं. आता डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, सारखंच होतं. हात शिल्लक होते.

आप्पा ऑगस्टमध्ये परत गेले. काठी हिवाळ्यात पूर्ण झाली. पट्ट्या चिकटल्या, रेशमी दोऱ्याचे वेढे बसले, वार्निश चढलं. फेब्रुवारीत गवतावर बर्फ असताना डॉक्टरांनी ती पहिल्यांदा चालवली. लोकर मागे गेली. मी वरून बघत होते, आणि इतका वेळ ती पुढे आली नाही की मला वाटलं झाडात अडकली. मग ती आली, लांब, सावकाश, आणि बर्फावर एक लाल ठिपका पडला. डॉक्टर तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीला डोळे पुसले. रविवारी मी फोनवर सांगितलं तेव्हा आप्पांनी आधी सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "थंडीत टोपी घालायला सांग त्यांना."

वसंतात डॉक्टरांना मासे धरायला न्यायचं मी कबूल केलं. त्यांचा मुलगा हाम्बुर्गला असायचा. त्याने मला फोन केला, नम्रपणे, पण सरळ. बाबांना पाण्यावर नेऊ नका. एकदा पडले तर मला त्यांना वृद्धांच्या घरात ठेवावं लागेल, मी तिथून रोज येऊ शकत नाही. तो वाईट माणूस नव्हता. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर थांबले. नेहमीपेक्षा जास्त. "त्याला सांगा, मी पाण्यात उतरणार नाही. काठावर बसेन."

आणि खरंच, दवाखान्यातलं गोल स्टूल, त्याची चाकं काढून, आम्ही गाडीत टाकलं. मुलाने बराच वेळ ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "बसूनच." तो शब्द डॉक्टरांनी पाळला. मी त्यांची जुनी स्टेशन वॅगन चालवायची आणि आम्ही ओडेनवाल्डच्या डोंगराळ रानातल्या एका ओढ्यावर जायचो. तिथला परवाना डॉक्टरांकडे होता. मला मासेमारीची परीक्षा दिल्याशिवाय काठी हातात धरता येत नव्हती, आणि धरायचीही नव्हती. माझं काम डोळ्यांचं.

मे संपता संपता, ऊन कलल्यावर, त्या ओढ्यावरून माशा उठायच्या. जर्मनमध्ये त्यांना एका दिवसाची माशी म्हणतात. पाण्यातून वर यायच्या, पंख वाळवायच्या आणि पारदर्शक झुंडीने वरखाली होत राहायच्या, जणू हवाच श्वास घेत होती. आल्डरच्या झाडांखाली पाणी काळं आणि मध्ये मधाच्या रंगाचं. कुठेतरी गायीच्या गळ्यातली घंटा. अशा वेळी पाण्यावर एक कडं उमटायचं, पसरायचं, विरायचं. त्या कड्याखाली ट्राउट मासा असे.

"अकरा वाजता," मी कुजबुजायची. म्हणजे घड्याळातल्या अकराच्या दिशेला. "सात मीटर. डेअर फोरेले..."

"डी," डॉक्टर म्हणायचे. फोरेले म्हणजे ट्राउट, आणि जर्मन व्याकरणात ती बाई, म्हणून डेअर नाही, डी. काठी हलायची नाही.

"डी फोरेले."

"गेनाऊ." म्हणजे बरोबर. मग मानवेलीची काठी हळूच मागे जायची.

माझं जर्मन त्या काठावर तयार झालं. क्लासमधल्या बाईंनी विचारलं, इतकी अचूक दिशा सांगायला कुठे शिकलात? मी म्हटलं, दातांच्या डॉक्टरांकडे.

मग पहिला मासा लागला. दोरी ताठ झाली, काठी कमरेत वाकली आणि त्यांचा चेहरा एखादं जुनं गाणं ऐकू आल्यासारखा झाला. मासा काठाशी आला. त्यांनी हात ओला केला आणि पाण्यातच त्याला धरलं. सोनेरी पोट, अंगावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट निळी कडा. कल्ले उघडत होते, मिटत होते.

"मोजा," डॉक्टर म्हणाले.

तिथला नियम असा की पंचवीस सेंटिमीटरहून लहान मासा परत सोडायचा. त्याहून मोठा धरलात तर तो खायचा. नुसती मौज म्हणून धरून सोडून देणं तिथल्या कायद्याला पटत नाही. डॉक्टरांच्या खिशात त्यासाठी, माशाच्या डोक्यात घालायला, एक छोटा लाकडी ठोकळा होता. मी टेप लावली. एकोणतीस. मी कधी अंडंसुद्धा न खाल्लेली बाई. माझ्या बोटाखाली तो मासा गार आणि जिवंत होता.

"चोवीस," मी म्हटलं.

"शाडऽ," डॉक्टर म्हणाले. म्हणजे वाईट झालं. आणि हात उघडला.

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे फुटबॉलच्या वर्ल्ड कपपायी सगळ्या गावाने खिडक्यांना झेंडे लावले होते तेव्हा, त्या ओढ्यातला प्रत्येक मासा चोवीस सेंटिमीटरचा निघाला. एखादा खरंच लहान असला की मी बदल म्हणून एकवीस म्हणायची. नवरा म्हणायचा, "त्या पाण्यात वाढच खुंटलीय की काय?" डॉक्टर दर वेळी "शाडऽ" म्हणायचे, एकाच सुरात, आणि घरी जाऊन ब्रेड आणि चीज खायचे. बोटांनी पट्टीची जाडी केसाइतकी अचूक सांगणारा माणूस; त्याच्या तळहातात केवढा मासा आहे हे त्याला कळत नसेल असं मला तेव्हा कसं वाटलं, देव जाणे.

आता डॉक्टर नाहीत. आम्ही परतल्यावर तीन वर्षांनी गेले, स्वतःच्या घरात, झोपेत. मुलाने कळवलं. काठीचं काय झालं ते मी विचारलं नाही.

परतायचं ठरलं ते नवऱ्याची पुण्याच्या कारखान्यात बदली झाली म्हणून. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर आणि मी ओढ्यावर गेलो. संध्याकाळ लांबलेली, माशा थोड्याच. बऱ्याच वेळाने वाकलेल्या झाडाखाली एक कडं उमटलं, मोठं, सावकाश.

"एक वाजता," मी म्हटलं. "नऊ मीटर."

तो मासा यायला वेळ लागला. दोनदा खाली जाऊन बसला. डॉक्टर स्टुलावरून उठले नाहीत, फक्त काठीला त्याच्याबरोबर वाकू देत राहिले. शेवटी तो काठाशी आला तेव्हा एका हातात मावेना.

टेप लावली. अडतीस.

दोन उन्हाळे ह्या माणसाने माझ्यापायी एक मासा घरी नेला नव्हता. मी उद्या-परवा जाणार होते. आता खरं सांगावं, मनात आलं. निदान एक तरी.

"अडतीस," मी म्हटलं.

डॉक्टरांनी मान मागे नेली. पाणी वाहत होतं. मासा त्यांच्या दोन्ही हातांत श्वास घेत होता.

"उजेड कमी झालाय," ते म्हणाले. "परत मोजा."

मी परत टेप लावली.

"चोवीस," मी म्हटलं.

"शाडऽ." त्यांनी हात उघडले. मासा क्षणभर तिथेच राहिला, मग त्याच्या जागी नुसतं पाणी होतं.

काठीचे दोन तुकडे सुटे करून, पिशवीत घालून, स्टूल गाडीत टाकून आम्ही निघालो. पुढच्या गावात डॉक्टरांनी एका हॉटेलापाशी गाडी थांबवायला सांगितली. बाहेर चेस्टनटच्या झाडाखाली टेबलं होती. वेटर मुलगी आली तेव्हा त्यांनी माझ्यासाठी बटाट्याचं सॅलड मागवलं आणि स्वतःसाठी लोण्यात तळलेली ट्राउट.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"मला फार आवडते," ते म्हणाले. "इथे शुक्रवारी येतो मी. मुलगा पलीकडच्या गल्लीतल्या टॅक्सीवाल्याला सांगून ठेवतो. तुम्हाला सांगितलं नाही कधी."

बशी आली, वर लिंबाची फोड, वाफ निघत होती. मान वर आभाळाकडे करून, बोटांनी काटे शोधत, त्यांनी तो अख्खा मासा चवीने खाल्ला. एकेक काटा बशीच्या कडेला शेजारी शेजारी मांडत गेले, सारख्या अंतरावर, कंगव्याच्या दातांसारखे. मी माझे बटाटे संपवले. दोघांनाही घाई नव्हती.